१९६१ : भिंतीवर दहाच घटना मावतात, कोणत्या लावू?

वाचनवेडी

मंडळी, मदत हवी आहे. डोंबिवलीत आमच्या वाचनालयात १९६१ साली जन्मलेल्या सभासदांचा मोठा गट आहे. यंदा त्यांना पासष्ट पूर्ण होतायत. त्यानिमित्त दर्शनी भिंतीवर ‘भारत १९६१’ असा तक्ता लावायचं ठरलंय. जागा बेताची आहे. दहा घटना आणि पाच जन्म, त्यापुढे काही मावत नाही.

माझी कच्ची यादी :

गोवामुक्ती (१९ डिसेंबर), पानशेतचा पूर (१२ जुलै), ‘विक्रांत’ नौदलात दाखल (४ मार्च), हुंडाबंदी कायदा, प्रजासत्ताक दिनाला राणी एलिझाबेथ पाहुणी, युरी गागारिनची भारतभेट, रवींद्रनाथांची जन्मशताब्दी, जनगणना, दादरा-नगर हवेलीचं विलीनीकरण, गोविंद वल्लभ पंतांचं निधन.

जन्म : अभिजित बॅनर्जी, अरुंधती रॉय, प्रशांत दामले, सुनील शेट्टी, कल्पना चावला.

माझ्या मते गोवा पहिल्या क्रमांकावर हवं. साडेचारशे वर्षांची परकी सत्ता गेली आणि देशाचा नकाशा बदलला. बाकीच्या क्रमाबद्दल तुमची मतं सांगा. काय काढू, काय घालू?

निमूट_वाचक

छान विषय. वाचतोय. मीही एकसष्टचाच.

मुठेकाठचा

पानशेत दुसऱ्या क्रमांकावर? ताई, पुण्यातल्या जुन्या माणसाला विचारा. आमच्याकडे अजून बोलताना ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुराच्या नंतर’ असं म्हणतात. कुठला पूर ते सांगावं लागत नाही.

मी तेव्हा तिसरीत होतो. नारायण पेठेत वाडा, मागच्या दारी उतरून गेलं की नदी. त्या सकाळी पोलिसांची गाडी ओरडत गेली. मोठ्या माणसांना वाटलं, दरवर्षी चढतं तेवढं पाणी चढेल, दोन पायऱ्या भिजतील. आईनं अंथरुणं माळ्यावर टाकली आणि आम्हाला घेऊन ती टिळक रस्त्याकडे मावशीकडे निघाली. वडील मागं राहिले आणि थोड्या वेळानं अंगावरच्या कपड्यांनिशी आले. लकडी पूल पाण्याखाली गेला होता.

परत गेलो तेव्हाची एक गोष्ट डोळ्यांपुढून जात नाही. स्वयंपाकघरात गव्हाची मोठी पत्र्याची पेटी होती. आतले गहू भिजून इतके फुगले होते की कडी तुटून झाकण वर उचललं गेलं होतं. त्या आंबलेल्या गव्हाचा वास आणि गाळाचा वास. गाळ भिंतीवर, देवांवर, माझ्या दप्तरात. आजी पळीनं देव्हाऱ्यातला गाळ काढत होती आणि एकेक देव धुऊन पाटावर मांडत होती.

धरणाचं काम पुरं व्हायच्या आतच त्या पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. मातीचा बांध खचायला लागल्यावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्यांच्यामुळे रात्रीची वेळ टळली आणि दिवसाउजेडी पाणी आलं. पुण्यातली किती माणसं त्या पोत्यांमुळे वाचली असतील! माझ्या लेखी तक्त्यावर धरण फुटल्याच्या ओळीइतकीच ती पोत्यांची ओळ महत्त्वाची आहे.

आबोली_पेडणे

काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. तरीही गोव्याचा पहिला क्रमांक मी सोडणार नाही.

तक्त्यावर ‘गोवामुक्ती, १९ डिसेंबर’ एवढंच लिहिलं की लोकांना वाटतं, सैन्य गेलं आणि दोन दिवसांत काम झालं. माझे आजोबा रात्री मागच्या खोलीत रेडिओवर घोंगडी टाकून, कान लावून बसायचे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघं आंबोलीच्या रानातून गुप्त आकाशवाणी चालवत होते. पुढे ते केंद्र कॅसलरॉकच्या बाजूला हलवलं. १९५५ पासून थेट मुक्तीपर्यंत, रानात राहून! आणि पोर्तुगीज शरण आल्यावर हेच दोघं विमानात बसले आणि भोंग्यावरून कोकणी आणि पोर्तुगीजमध्ये गोव्याला सांगत फिरले की तुम्ही मोकळे झालात. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, शंभरी ओलांडल्यावर. तक्त्यावर फोटो लावायचाच तर त्यांचा लावा.

दुसरं एक नाव राहू नये असं वाटतं : मोहन रानडे. सांगलीचा तरुण, गोव्यात शिक्षक म्हणून आला आणि लढ्यात उतरला. १९५५ साली पकडला गेला. १९६१ साली गोवा सुटलं, पण हा माणूस लिस्बनजवळच्या तुरुंगातच राहिला. त्याला १९६९ मध्ये सोडलं. सुधीर फडक्यांनी त्याच्या सुटकेसाठी किती खटपट केली ते जुन्या लोकांना आठवत असेल.

गगनविहारी

आबोलीताईंना अनुमोदन.

लष्करी बाजू थोडी सांगतो. १७ नोव्हेंबरला पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला आणि वातावरण तापलं. पुढे अंजदीव घेताना आपले सात नौसैनिक गेले. गोव्याच्या मोहिमेची सूत्रं मेजर जनरल कँडेथ यांच्याकडे होती, पण पणजीला आधी पोचली ती ब्रिगेडियर सगत सिंगांची पॅरा ब्रिगेड. तिच्याकडे खरं तर दुय्यम काम होतं. पोर्तुगिजांनी पूल उडवले होते, तरी जवान नद्या ओलांडत पुढे गेले. दमण घेतलं ते मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियननं. तक्त्यावर दमण आणि दीवचा उल्लेख हवाच, ते नेहमी राहून जातात.

आणि पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासाल्लो ए सिल्व्हा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याचा हुकूम होता की शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरण जायचं नाही. त्यानं तो पाळला नाही. पणजी बेचिराख झाली नाही याचं बरंचसं श्रेय त्या माणसाला जातं. मायदेशी गेल्यावर त्याला सैन्यातून काढून टाकलं. १९७४ च्या क्रांतीनंतर त्याचा हुद्दा परत मिळाला.

‘विक्रांत’बद्दल : ४ मार्चला बेलफास्टमध्ये ती नौदलात दाखल झाली, तेव्हा ब्रिटनमधल्या आपल्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित होत्या. मुंबईला ती आली ३ नोव्हेंबरला, आणि दीड महिन्यात गोव्याच्या मोहिमेत समुद्रात पहाऱ्याला उभी राहिली. १७ जून १९६१ ला बंगळूरला ‘मारुत’नं पहिलं उड्डाण केलं तेही घाला. भारतात विकसित झालेलं पहिलं लढाऊ जेट विमान होतं ते.

बराकवासी

नोकरीमुळे बरीच वर्षं आसामच्या बराक खोऱ्यात आहे. आपला तक्ता ‘भारत १९६१’ आहे की ‘पश्चिम किनारा १९६१’? मनापासून विचारतोय.

१९ मे १९६१, सिलचर रेल्वे स्टेशन. आसाममध्ये फक्त असमियाला राजभाषा करण्याच्या विरोधात बंगाली बोलणाऱ्यांचा सत्याग्रह चालू होता. पोलिसांनी गोळीबार केला आणि अकरा माणसं गेली. त्यांत कमला भट्टाचार्य ही सोळा वर्षांची मुलगी, नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिलेली. त्यानंतर बराक खोऱ्यात सरकारी कामाला बंगाली चालू राहिली. इथे दर १९ मेला चौकाचौकात फुलं वाहतात, शाळांत गाणी होतात.

संयुक्त महाराष्ट्रासाठी १०६ माणसं गमावलेल्या आपल्या लोकांना हे कळायला वेळ लागू नये. फ्लोरा फाउंटनच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. राणीची मिरवणूक काढा आणि हे घाला, अशी कळकळीची विनंती.

कोर्टाची_पायरी

+१. राणी काढा. मलाही जागा हवी आहे!

हुंडाबंदी कायदा यादीत आहे हे वाचून बरं वाटलं, पण तो कसा झाला ते लिहाल का? लोकसभा आणि राज्यसभेचं त्या विधेयकावर एकमत होईना. म्हणून मे १९६१ मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावली गेली. स्वतंत्र भारताच्या संसदेतली ही पहिलीच संयुक्त बैठक. युद्धासाठी नाही, अर्थसंकल्पासाठी नाही. मुलीच्या लग्नात काय द्यायचं नि काय घ्यायचं, यावर पूर्ण संसद एकत्र बसली. १ जुलैपासून कायदा लागू झाला. शिक्षा होती सहा महिने कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. फारच मवाळ. ऐंशीच्या दशकात बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा कुठे त्याला दात आले.

त्याच वर्षीचा दुसरा कायदा म्हणजे मातृत्व लाभ कायदा, बारा आठवड्यांची पगारी रजा. आता ती सव्वीस आठवडे आहे. तुमच्या तक्त्यात ‘जन्म’ असा रकाना आहेच, तर त्या आयांच्या रजेचा कायदा तिथे शोभून दिसेल.

प्राप्तिकर कायदाही १९६१ चाच. तुमच्या सभासदांनी आयुष्यभर जे विवरणपत्र भरलं ते त्यांच्याच वयाच्या कायद्याखाली. २०२५ मध्ये नवा कायदा मंजूर झाला. म्हणजे जुना कायदा यांच्याबरोबरच निवृत्त झाला म्हणायचा.

निमूट_वाचक

कायद्याला पेन्शन मिळते का? :)

वऱ्हाडी_ठेचा

राजेहो, विदर्भातून कोणी बोललंच नाही अजून.

आमच्या यवतमाळकडं १९६१ म्हटलं की म्हातारी माणसं दोन गोष्टी सांगतात. एक, जिल्हा परिषद. वसंतराव नाईक समितीचा अहवाल आला मार्चमध्ये आणि त्याच वर्षी जिल्हा परिषद-पंचायत समितीचा कायदा झाला. १ मे १९६२ पासून कारभार सुरू. त्याआधी गावातल्या शाळेला फळा पाहिजे असला तरी कागद कुठं कुठं फिरायचा. मग तालुक्याला आपला माणूस बसला, त्याच्या घरी जाऊन भांडता यायला लागलं. पुढचे किती आमदार, मंत्री या जिल्हा परिषदेतनं तयार झाले ते मोजा.

दुसरं, शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा. तोही १९६१ चाच. पळवाटा निघाल्या, कागदोपत्री वाटण्या झाल्या, सगळं खरं. पण आमच्या गावात तीन घरांना त्या कायद्यानं जमीन मिळाली आणि त्या घरांतली पोरं आज शिकून नोकरीला आहेत.

गोवा मोठं, पानशेत मोठं, मान्य. पण खेड्यातल्या माणसाला रोज उपयोगी पडलं ते हे. तक्त्यावर एक ओळ द्या.

मुठेकाठचा

वऱ्हाडीभाऊ, तुमचा मुद्दा पटला. रोजच्या जगण्यात उरलं ते मोठं, असं धरलं तर पानशेतचीही तीच बाजू आहे.

आजचं पुणं पानशेतनं घडवलं. नदीकाठच्या पेठांतली माणसं उठली आणि शहराच्या कडेला गेली. लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर या वस्त्या पूरग्रस्तांच्या. आम्हाला आधी गोखलेनगरला अर्धगोल पत्र्याची निस्सेन हट मिळाली. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की दुपारी सगळे बाहेर झाडाखाली. पण वाड्यात आमचं एका खोलीचं बिऱ्हाड होतं, इथं आईला पहिल्यांदा स्वतःचं अंगण मिळालं. तिनं पहिल्याच पावसात तोंडल्याचा वेल लावला.

पुनर्वसनाचं काम स. गो. बर्वे यांनी केलं. आयसीएस अधिकारी होते, आधी पुणे महापालिकेचे आयुक्त म्हणून शहराला ठाऊक होते. त्यांचं नाव पुण्याबाहेर कोणी घेत नाही. चौकशीला आधी न्यायमूर्ती बावडेकर नेमले गेले, ते मध्येच गेले, मग न्यायमूर्ती नाईकांनी काम पुरं केलं.

अवांतर : पानशेतच्या लोंढ्यानं खडकवासल्याचं ब्रिटिशांच्या काळातलं दगडी धरणही त्याच दिवशी फुटलं. त्या धरणावर तरुण विश्वेश्वरय्यांनी बेतलेली आपोआप उघडणारी दारं १९०३ साली बसवली होती. पुण्यातच शिकलेला हा माणूस. धरण फुटलं तेव्हा शंभरीच्या घरातले विश्वेश्वरय्या हयात होते, पुढल्या एप्रिलमध्ये गेले. त्यांना ती बातमी कोणी, कशी सांगितली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तलाव रिकामा झाल्यावर शहराला पिण्याचं पाणी उरलं नाही. वाड्यावाड्यांतले बुजायला आलेले आड उपसून लोकांनी दिवस काढले.

आबोली_पेडणे

काका, अंगणातल्या तोंडल्याच्या वेलावर मी हरले. क्रमांक देऊच नका, तारखेप्रमाणे लावा. सगळ्यांचा मान राहील.

जुना_फळा

चाळीस वर्षं शाळेत काढली, म्हणून जन्माच्या रकान्याबद्दल बोलतो.

ताई, कल्पना चावलाचा जन्म १७ मार्च १९६२ चा. कागदोपत्री १ जुलै १९६१. मॅट्रिकला वयाची अट बसावी म्हणून घरच्यांनी तारीख मागे घेतली होती. तेव्हा तुमच्या तक्त्यात तिचा हक्क आहे की नाही ते ठरवा.

हे काही तिचं एकटीचं नाही. तुमच्या त्या १९६१ च्या गटात १ जून ही जन्मतारीख असलेले किती आहेत ते विचारा. निम्मे निघाले तरी मला नवल वाटणार नाही. आई पोराला घेऊन शाळेत यायची. ‘कधी झाला?’ तर ‘पेरणी चालली होती तवा’, ‘थोरल्या पुराच्या आदल्या साली’. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे. हात पोचला की पोर सहा वर्षांचं, नाव दाखल, तारीख १ जून. जून महिन्यात शाळा सुरू, हिशोबाला सोपं. माझ्या हाताखालून अशी कितीतरी मुलं गेली.

पुढे त्याच तारखेनं नोकरी, त्याच तारखेनं निवृत्ती. ३१ मे २०१९ ला राज्य सरकारच्या कचेऱ्यांत जे निरोप समारंभ झाले ते एकसष्ट सालच्या या एक जूनवाल्यांचे. एकेका कचेरीत एकाच संध्याकाळी चार-चार नारळ फुटले.

खरी तारीख शोधायची तर तहसील कचेरीत कोतवाल बुकाची नक्कल काढावी. गावात जन्म-मृत्यू झाला की कोतवाल नोंद करायला लावायचा. बारशाच्या आधीची नोंद असल्यानं त्यात मुलाचं नाव नसतं, बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच. तरी तीच सगळ्यात भरवशाची. सक्तीच्या नोंदणीचा कायदा पुढे १९६९ साली आला.

निमूट_वाचक

गुरुजी, मी १ जूनवालाच. आई सांगते, मी झालो तेव्हा घरात दिवाळीचं फराळाचं तळण चाललं होतं.

जुना_फळा

मग दिवाळीत औक्षण करून घेत जा. कागदावरचा वाढदिवस सरकारला राहू दे.

कोर्टाची_पायरी

गुरुजींचा प्रतिसाद जपून ठेवलाय. जातपडताळणीच्या प्रकरणांत कोतवाल बुकाची नक्कल किती माणसांना तारते ते आम्ही रोज पाहतो. जुन्या नोंदी मोडीत असतात, त्या वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत. कोणाला मोडी येत असेल तर शिकवा, फार गरज आहे.

चेंडूफळी

इतके प्रतिसाद झाले आणि खेळाचं नाव नाही?

अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाले. पहिल्याच वर्षी बॅडमिंटनसाठी आपले नंदू नाटेकर, मूळचे सांगलीचे. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१, सलग दोन वर्षं विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत. मॅन्युएल आरन बुद्धिबळात देशाचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झाले १९६१ मध्येच. आज आपल्याकडे ग्रँडमास्टरांची रांग लागली आहे तिची सुरुवात तिथे आहे.

आणि मन्सूर अली खान पतौडी. जुलै १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात एका डोळ्याची दृष्टी गेली. वय वीस. त्याच डिसेंबरमध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध कसोटी पदार्पण. सहा महिनेसुद्धा झाले नव्हते! एका डोळ्यानं चेंडूचं अंतर ताडायचं, समोर जलदगती गोलंदाज. पुढल्या वर्षी नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला बार्बाडोसमध्ये चेंडू लागला आणि एकविसाव्या वर्षी हा कप्तान झाला.

पतौडीच्या पदार्पणाची ती मालिका आपण जिंकली, इंग्लंडविरुद्ध पहिल्यांदा. कॉन्ट्रॅक्टर कप्तान, कोलकाता आणि मद्रास इथे विजय, सलीम दुराणीच्या त्या दोन कसोटींत अठरा बळी, आणि जोडीला पुण्याचे चंदू बोर्डे. कोलकात्याची कसोटी ३० डिसेंबरला सुरू झाली आणि नव्या वर्षात संपली, तेव्हा तक्त्यात अर्धी तरी बसवाच.

जन्मात क्रिकेटपटू आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हवेत. ३० सप्टेंबर १९६१, मुंबई.

वऱ्हाडी_ठेचा

चंद्रकांत पंडित म्हणजे आमचा माणूस! जन्म कुठंही होवो. विदर्भानं दोन वेळा लागोपाठ रणजी जिंकली ती त्यांच्या हाताखाली. तोवर विदर्भाशी सामना म्हणजे समोरच्या संघाला हक्काचे गुण. पंडित आले आणि पोरांना पहाटे मैदानावर उभं केलं. इंदूरला दिल्लीला हरवून पहिला चषक घेतला त्या दिवशी आमच्याकडं फटाके वाजले होते. सुनील शेट्टी काढा, पंडित घाला.

चेंडूफळी

आणि २०२२ ला मध्य प्रदेशला जिंकून दिलं ते बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर. तेवीस वर्षांपूर्वी मध्य प्रदेशचे कप्तान म्हणून रणजीचा अंतिम सामना ते याच मैदानावर हरले होते. त्या दिवशी मैदानात ते रडले, पाहणारेही रडले.

आबोली_पेडणे

सुनील शेट्टींना का काढता? राहू दे ना बिचाऱ्यांना, मला आवडतात. :)

बराकवासी

अभिजित बॅनर्जींबद्दल एक ओळ जास्त द्या. २१ फेब्रुवारी १९६१, जन्म मुंबईचा. आई निर्मला, माहेरच्या पाटणकर, स्वतः अर्थतज्ज्ञ. वडील बंगाली, कोलकात्यात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. पूर्ण नाव अभिजित विनायक बॅनर्जी. २०१९ ला नोबेल मिळालं तेव्हा इकडे बंगाली शेजारी पेढे देत होते आणि मी त्यांना ‘विनायक’ समजावून सांगत होतो.

दामलेंची जन्मतारीख ५ एप्रिल. २०२२ मध्ये १२,५०० वा प्रयोग झाला त्यांचा. तुमच्या डोंबिवलीच्या प्रेक्षकांचाही त्यात मोठा वाटा असणार.

वाचनवेडी

तुम्ही सगळ्यांनी माझी यादी पार उलटीपालटी केलीत आणि ती कितीतरी चांगली झाली. काल संध्याकाळी गटातल्या सात-आठ जणांना हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. मुठेकाठच्या काकांच्या गव्हाच्या पेटीपाशी एक बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा जन्म त्या ऑगस्टचा, कसबा पेठेतल्या घराचा. आई नववा महिना असताना भिंतीच्या आधारानं जिना चढून गच्चीवर गेली होती, एवढंच त्यांना सांगितलेलं. गटात १ जूनवाले किती, ते गुरुजींच्या सांगण्यावरून विचारलं. हात वर झाले आणि हशा पिकला.

ठरलेला तक्ता, आबोलीताईंच्या सूचनेप्रमाणे तारखेनं :

जनगणना (देश ४३.९ कोटी, महाराष्ट्र ३.९५ कोटी, आणि देशात साक्षर शंभरात अठ्ठावीस). ४ मार्च, ‘विक्रांत’. रवींद्रनाथांची शताब्दी, ७ मे. सिलचर, १९ मे. हुंडाबंदी आणि मातृत्व लाभ, दोन्ही कायदे एकाच चौकटीत. पानशेत, १२ जुलै, वाळूच्या पोत्यांसकट आणि बर्व्यांच्या नावासकट. दादरा-नगर हवेली, ११ ऑगस्ट. जिल्हा परिषद आणि कमाल जमीन धारणा. गोवा, दमण, दीव, १९ डिसेंबर, फोटो लिबियाबाईंचा आणि खाली मोहन रानडे यांचं नाव. शेवटी खेळ : नाटेकर, कृष्णन, आरन, पतौडी आणि ३० डिसेंबरची कसोटी.

राणी, गागारिन, पंतजी गेले. ‘मारुत’ विक्रांतच्या चौकटीत बसवतेय.

जन्म : बॅनर्जी, रॉय, दामले, पंडित, शेट्टी. कल्पना चावलाचं नाव सहावं, दोन्ही तारखांसह. पाचाची मर्यादा तिच्यासाठी मोडली.

गगनविहारी

गागारिनला काढू नका हो! १२ एप्रिलला अंतराळात गेलेला पहिला माणूस त्याच वर्षअखेरीस आपल्या देशात येतो, मुंबईला येतो, लोक त्याला बघायला रस्त्यावर उभे राहतात. कल्पना चावला तक्त्यावर आहे, तर तिच्याशेजारी याची एक ओळ असायला हवी. त्या वर्षी कागदोपत्री जन्मलेली कर्नालची मुलगी पुढे त्याच वाटेनं गेली.

वाचनवेडी

कल्पनाच्या चौकटीतच घेते. पटलं.

मुठेकाठचा

ताई, एक काम करा. तक्त्याच्या खाली कोरा कागद आणि पेन बांधून ठेवा. पासष्टी ओलांडलेले आणखी लोक वाचनालयात येत असतील, त्यांना त्या वर्षाचं घरातलं काय आठवतं, आईवडिलांनी काय सांगितलं, ते लिहू दे. पुराचं माझ्या पिढीनं सांगितलं नाही तर कोण सांगणार? सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीतली पूरग्रस्तांची मूळ यादी माझ्याकडे आहे, नावं झाकून तिची प्रत पाठवतो.

कोर्टाची_पायरी

दोन्ही कायद्यांचा मजकूर मराठीत सोप्या शब्दांत लिहून देते, रविवारपर्यंत. चौकटीची लांबी-रुंदी कळवा.

वाचनवेडी

दोन फूट बाय दीड फूट. काका, यादी जरूर पाठवा. पेन दोरीनं बांधून ठेवते.